चौथ्या दिवशी डोंगर

फोटोतल्या शांतीचा डावा कान दिसत नव्हता. दोन्ही कान दिसले पाहिजेत असं मुंबईच्या एजंटनं पाठवलेल्या कागदावर लिहिलं होतं — तिसऱ्या ओळीत, खाली रेघ मारून — आणि काळुरामनं ते बायकोला दोनदा बजावलंही होतं. पण रोह्याच्या स्टुडिओत स्टुलावर बसल्यावर तिनं ऐनवेळी पदर डोक्यावर घेतला असणार, फोटोग्राफरनं तो मागं सारायला सांगितला असणार, आणि तिनं एकाच बाजूनं सारला असणार… गोंदाचा ब्रश त्याच्या हातात तसाच राहिला. टोकाला थेंब लोंबत होता. फोटोत ती हसत होती. हसू नका असं त्या कागदावर कुठंही म्हटलेलं नव्हतं, तरी त्याला कानापेक्षा त्या हसण्याचाच राग आला.

त्यानं फोटो उलटा केला, गोंद लावला, चौकोनात दाबून बसवला. नाकारू देत. एका कानापायी अर्ज परत आला तर बरंच आहे.

कँटीनमधलं हे कोपऱ्यातलं टेबल गेले अठरा दिवस त्याचं होतं. डावा पाय घोट्यापर्यंत पट्टीत, सोड्याच्या बाटल्यांच्या रिकाम्या क्रेटवर ठेवलेला. समोर पासपोर्टचे आठ अर्ज — चार पुरुषांचे, चार बायकांचे. शेजारी मुलीची, प्रतीक्षाची, इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणि एक गुळगुळीत माहितीपत्रक. त्याच्या पहिल्या पानावर निळ्या समुद्रातून सरळ वर उठलेला काळा डोंगर. मॉरिशस. ज्वालामुखीनं वर ढकललेलं बेट, असं आत लिहिलेलं होतं. पाच दिवस, चार रात्री. कुठल्या दिवशी काय बघायचं, कुणाला मटण चालत नाही, कुणाची बायको गाडीत ओकते, हे सगळं नीट मांडून एका कागदावर उतरवायचं काम शिफ्टचे इनचार्ज म्हात्रेसाहेबांनी त्याच्यावर टाकलं होतं. हलकं काम. बसून करायचं. अक्षर चांगलं आहे तुझं, काळू.

हो. अक्षर चांगलं आहे.

धाटावच्या या कारखान्यात गेल्या साली परदेशी भागीदार आला तेव्हा फाटकातून आत शिरल्याशिरल्या डाव्या हाताला एक हिरवा बोर्ड लागला होता. 'अपघाताविना दिवस', आणि खाली पत्र्याचे तीन आकडे. वॉचमन रोज सकाळी सातला शेवटचा आकडा बदलायचा. आज ४९६. पाचशे झाले की ज्या शिफ्टचं काम सगळ्यात चोख, तिचा इनचार्ज आणि तीन कामगार बायकांसकट मॉरिशसला — भागीदाराचा शब्द, नोटीस बोर्डावर टाईप करून लावलेला. ती शिफ्ट काळुरामची, हे ठरल्यासारखंच होतं. अपघात म्हणजे काय, हे मात्र दुसऱ्या कागदावर होतं आणि तो कागद कुठंही लावलेला नव्हता. माणूस भाजला, चिरला, शिडीवरून पडला, तर तो अपघात नव्हे. त्यापायी तो दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तर अपघात.

काळुराम दुसऱ्या दिवशी आला होता. तिसऱ्या दिवशीही आला. रविवार सोडला तर गेले अठरा दिवस एक खाडा नाही. सकाळी साडेसहाला कंपनीची जीप खोलीच्या दाराशी यायची, दोघं जण त्याला काखेत धरून उचलायचे, चाळीतल्या बायका नळावर हंडे ठेवून बघायच्या, आणि संध्याकाळी तेच दोघं त्याला परत आणून कॉटवर ठेवायचे. मधल्या काळात तो कामावर असायचा. हजेरीपटावर तसं होतं.

आज सकाळी जीप वळत असताना नळावरची एक जण शांतीला म्हणाली होती, "शांते, नवऱ्याचा पाय शिजवलास नि आता इमानात बसतेस व्हय गो?" आणि शांती — हंडा कंबरेवर, तोंडभर हसत — म्हणाली होती, "मंग? तुला बसायचं आसंल तर तू पन शिजव." सगळ्या हसल्या. ड्रायव्हरही हसला. काळुरामला वाटलं, बायकांचं बोलणं. पण ते वाक्य कँटीनपर्यंत त्याच्याबरोबर आलं आणि आता दुपारचा दीड वाजला तरी गेलेलं नव्हतं. शिजवलास. तिनं का?

"काय मास्तर, कुठवर आलं इमान?"

मोरू. त्याच शिफ्टचा, चौघांतला एक. हातात बशी, बशीत चहा, तो फुंकतच तो बाकावर टेकला.

"तुझ्या बायकोची जन्मतारीख राहिलीय," काळुराम म्हणाला.

"पावसात जन्मलीय."

"तारीख सांग."

"तिच्या आयशीला पन ठाव नाय. एक जून टाक. आपल्या सगल्यांचीच एक जून हाय." त्यानं चहाचा घोट घेतला. "वैशाली इचारते, तांदलाचं पीठ न्यायचं का? नि थोडी सुकट."

"सुकट नेलीस तर विमानातनं खाली उतरवतील."

"मंग पाच दिस खायाचं काय? नुस्तं केक?" मोरूनं माहितीपत्रक स्वतःकडे ओढलं. बशीतला एक थेंब निळ्या समुद्रात पडला. "हा डोंगर. तू चौथ्या दिवशी लिवलायस तो. आग निघते म्हनं त्यातनं."

"निघायची. आता विझलाय. वरून आत बघता येतं. आत झाडं उगवलीत."

"इझलेला बगाया येवढं लांब? पेणात काय कमी डोंगर हायेत?" तो हसला, उठला, आणि जाताजाता त्याचं लक्ष क्रेटवरच्या पायाकडे गेलं. चेहरा जरा मऊ झाला. "तुजे उपकार हायेत काळू. दुसरा कोन आसता तर बोंबलत सुटला आसता, नि बोर्ड गेला आसता शून्यावर." त्यानं खांद्यावर थाप मारली. मनापासून मारली.

काळुरामनं माहितीपत्रकावरचा चहा बाहीनं टिपला. दात इतके घट्ट आवळले गेले होते की कानाखाली दुखलं. थाप मारलेली जागा — उपकार — त्याला वाटलं, उठावं, त्याच्या मागं जावं आणि त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून विचारावं: मी तुमच्यासाठी बोंबललो नाही, हे तुला कोणी सांगितलं? पण उठण्यासाठी दोन माणसं लागतात आणि ती जीपबरोबर येतात.

बोंबललो नाही कारण कळलंच नाही मला.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच. दुसऱ्या पाळीत, टाकी भरत आली असताना, कॉस्टिक सोड्याच्या पाईपच्या जोडातून पिचकारी उडाली आणि डाव्या गमबुटात वरून शिरली. व्हॉल्व्ह बंद करायला चाक चाळीसेक फेरे फिरवावं लागतं. तो फिरवत राहिला. पायाला आधी काहीतरी बुळबुळीत, साबणासारखं लागलं. मग झोंबायला लागलं. थोडंसं. ओळखीचं. पेणच्या खाडीवर, बापाच्या मिठागरात, वयाच्या नवव्या वर्षापासून तो असाच झोंबणाऱ्या पाण्यात उभा राहिला होता — भेगांतून मीठ शिरतं, पहिले दोन दिवस जीव जातो, मग झोंबत नाही. म्हणजे झोंबतं, पण तिकडे कुणी लक्ष देत नाही. पाय बाहेर काढणाऱ्या पोराला बाप, शिवा, पावड्याचा दांडा दाखवायचा. बाहेर काढशील तर परत घालताना रडशील. म्हणून पाय बाहेर काढायचा नसतो. ही अक्कल मिठागराची… आणि ती अक्कल घेऊन तो कॉस्टिकमध्ये वीस मिनिटं उभा राहिला. व्हॉल्व्ह बंद केला, टाकीची पातळी वहीत लिहिली, सही केली, आणि मग बूट काढला तेव्हा मोज्याबरोबर बाकीचंही आलं.

दुसरा कुणी असता — पुण्याचा, साताऱ्याचा, कुठलाही — तर पहिल्या मिनिटाला शॉवरखाली धावला असता.

म्हात्रेला हे न सांगता कळलं होतं. कारण धनेश म्हात्रे त्याच गावचा, त्याच्या बापाचं मिठागर शेजारचं, शाळेत एक यत्ता पुढं. स्ट्रेचरशेजारून चालताना तो वाकून म्हणाला होता, "आपल्याला कुठं झोंबतं रे, काळ्या," आणि काळुराम हसला होता. तेव्हा का हसलो मी? अठरा दिवस तो त्या हसण्यावर चिडलेला होता. त्या एका हसण्यात पुढचं सगळं मान्य केल्यासारखं झालं — जीप, क्रेट, अर्ज, सगळं.

त्यानं कार्यक्रमाचा कागद पुढं घेतला. पहिला दिवस: पोहोचणे, हॉटेल, विश्रांती. दुसरा: समुद्रकिनारा, बोट. तिसरा: सात रंगांची माती. ते वाचून कान्हू — चौथा गडी — म्हणाला होता, सात रंग तर आपल्या ड्रमधून सांडतात, आणि सगळी शिफ्ट दोन दिवस त्यावर हसत होती. चौथा: ज्वालामुखीचं विवर. पाचवा: बाजार आणि परत. अक्षर खरंच चांगलं आलं होतं. समासही सोडला होता. पहिल्या खर्ड्यात विवर दुसऱ्या दिवशी होतं, कारण एजंटच्या कागदात तसं होतं. आपण ते खोडून चौथ्या दिवशी टाकलं… का टाकलं? त्याला आठवेना. मग आठवलं, आणि आठवताच कानशिलं तापली. विवरापर्यंत चढ आहे. पहिले तीन दिवस पाय न ताणता काढले, बोटीत बसून, गाडीत बसून, तर चौथ्या दिवशी चढ जमेल. हा हिशोब त्यानं कधी केला? कुणासाठी? गेले अठरा दिवस तो मनात म्हणत होता की मी काही जाणार नाही, जाऊ देत हरामखोरांना, आणि त्याच वेळी त्याच हातानं तो स्वतःच्या पायासाठी रस्ता आखत होता, कुठं टेकता येईल, कुठं काठी लागेल. डिक्शनरीत 'रिम' शोधला होता, कडा, कंगोरा. त्या कंगोऱ्यावरून खाली झाडांकडे बघणारा तो स्वतः होता, नवीन कॅनव्हासचे बूट घातलेला, आणि शेजारी शांती, पदर वाऱ्यावर.

त्याला जायचं होतं.

हे इतकं लाजिरवाणं होतं की त्यानं आजूबाजूला बघितलं. गोविंदा कँटीनवाला कढई घासत होता. कुणी बघितलं नव्हतं.

पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून सुन्न होतं. रोह्याचे डॉक्टर टाचणी टोचून विचारायचे, कळतंय? तो पायाकडे न बघता अंदाजानं कधी हो म्हणायचा. पण डॉक्टर फसले नव्हते. "आणखी आठ दिवस बघू," कालच म्हणाले होते, "नाहीतर दोन बोटांचा मोह सोडावा लागेल." आणि मग, पट्टी बांधताना, सहज: "कंपनीत झालंय हे कागदावर आहे ना? पुढं भरपाईला उपयोगी पडतं."

तीन वाजता म्हात्रे आला. नवा शर्ट, हातात ब्रीफकेस. चारच्या आत निघून संध्याकाळी मुंबईच्या ऑफिसात कागद पोचवायचे होते. त्यानं अर्ज मोजले, एकेक उलटून बघितला, शांतीच्या फोटोवर क्षणभर थांबला.

"फस्क्लास. तू नसतास तर माझं काय झालं असतं." त्यानं ब्रीफकेसमधून एक टाईप केलेला कागद काढला. "यावर एक सही. पाचशेव्या दिवशी भागीदाराची माणसं येणारेत, दवाखान्याच्या रजिस्टरात तुझं नाव दिसेल. विचारलं तर फाईलमध्ये काहीतरी पाहिजे."

काळुरामनं वाचलं. चार ओळी. 'मी, काळुराम शिवा पाटील, लिहून देतो की दिनांक अमुक रोजी राहत्या घरी माझ्या पत्नीच्या हातून उकळते पाणी सांडल्याने माझ्या डाव्या पायास इजा झाली. सदर इजेचा कंपनीच्या कामाशी संबंध नाही.'

नळावरचं वाक्य आता नीट जागेवर बसलं. शिजवलास.

म्हणजे चाळीला माहीत होतं. ड्रायव्हरला माहीत होतं. अख्ख्या धाटावला ठाऊक होतं की शांती पाटलीण नवऱ्यावर उकळतं पाणी ओतणारी बाई आहे, आणि ती बिचारी हसत होती, फोटो काढत होती, शेजारणीकडून बॅग मागून आणत होती… राग इतका स्वच्छ, इतका सरळ वर आला की त्याला जवळजवळ हायसं वाटलं. इतके दिवस तो राग नीट कुणावर धरता येत नव्हता. थोडा मोरूवर, थोडा बापावर, बराचसा स्वतःवर असा सांडत होता. आता त्याला एक माणूस मिळाला होता, नवा शर्ट घातलेला.

"धन्या," तो म्हणाला. कंपनीत पहिल्यांदाच. "माझ्या बायकोचं नाव घातलंस तू यात?"

"नाव नाय घातलं. पत्नी म्हटलंय."

"माझं जाऊ दे. मला काय करायचं ते करा, क्रेटवर ठेवा, कपाटात ठेवा. तिनं काय केलंय तुझं? तुला जेवायला वाढलंय तिनं. आणि तू तिच्या माथी—"

"काळ्या, आवाज."

"मी नाही सही करणार. तिच्या नावावर खोटं नाही लिहून देणार मी. जा, सांग मुंबईला."

गोविंदाची कढई थांबली. म्हात्रेनं त्याच्याकडे बघितलं, तशी ती परत सुरू झाली. म्हात्रे बाकावर बसला. ब्रीफकेस मांडीवर घेतली, तिच्या कडीशी अंगठा चाळवत राहिला. बोलला तेव्हा साहेबाचा आवाज नव्हता, गावचा होता.

"त्या रातीला मी तुझ्या घरी गेलो व्हतो. तू दवाखान्यात इंजेक्शन घेऊन पडलेला. मी वयनीला सांगितलं, कागदावर कायतरी लिवायला लागंल, पिऊन पडला नि चुलीत पाय गेला असं लिवतो, म्हंजे कोन इचारीत नाय. ती म्हनाली, दारूचं नाय लिवायचं." तो थांबला. "म्हनाली, त्याच्या बापाला गाव बेवडा शिवा म्हनायचा, त्यासाठी त्यानं गाव सोडला, नि आता त्याच्या नावापुढं तुमी ता लिवनार? माज्या हातनं पानी सांडलं लिवा. बायकांच्या हातनं सांडतंच. नळावर पन तिनंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी. मी नाय."



बोलायला काळुरामकडे होतं ते सगळं आत्ताच बोलून झालं होतं, आणि तो आवाज अजून कँटीनमध्ये होता — तिनं काय केलंय तुझं. तो आवाज आता त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागला, सभेत बोलणाऱ्याचा. ज्या रागावर तो क्षणभरापूर्वी उभा राहिला होता तो शांतीनं अठरा दिवसांपूर्वीच, त्याला न विचारता, पायाखालून काढून घेतला होता. मला का नाही सांगितलंस? पण सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं? तिला ते माहीत होतं, म्हणून नाही सांगितलं. ती नळावर हसली ते चाळीबरोबर नव्हतं, चाळीसमोर होतं. एवढं ओझं कंबरेवर घेऊन ती हसत होती आणि मी जीपमध्ये बसून तिच्यावर चिडत होतो. फोटोवर चिडलो. कानावर.

तर मग नकार कशासाठी द्यायचा? तिच्या अब्रूसाठी, म्हणता येत नव्हतं. तिनं ती स्वतःच्या हातानं उचलून दिली होती, आणि तिला परत नको होती. खरं बोलण्यासाठी? अठरा दिवस रोज सकाळी काखेत हात घालू देताना खरं कुठं होतं? राहता राहिली दोन बोटं, ज्यांना टाचणी कळत नव्हती. आणि विवराचा कंगोरा. त्याला दोन्ही हवं होतं — बोटं कंपनीत गेली हे लिहिलेलं हवं होतं, आणि त्या कंगोऱ्यावर उभंही राहायचं होतं. आणि हे दोन्ही एका माणसाला मिळत नसतं हे कुणी ठरवलं, ते त्या कागदावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं, पण प्रत्येकाला पाठ होतं. मलाही.

"कर सही," म्हात्रे हळू म्हणाला. "बोटांचं कायपन झालं तरी मी हाय ना."

बाहेर जीप सुरू झाली. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला, अदबीनं. घड्याळात साडेतीनला पाच कमी. मुंबईच्या ऑफिसात कुणीतरी या अर्जांच्या पाकिटाची वाट बघत होतं, आणि ते पाकीट या टेबलावर होतं, आणि त्याच्यावर काळुरामचा कोपर. तो कोपर तिथं मुद्दाम ठेवलेला नव्हता. पण आता त्याला तो जाणवला.

त्यानं पेनाचं टोपण काढलं. म्हात्रेचे खांदे सैलावले. काळुरामनं पेन कागदाशेजारी आडवं ठेवलं आणि कागद जरा जवळ ओढून पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला. मी. काळुराम. शिवा. बापाचं नाव टाईपरायटरच्या मळक्या रिबिनीतही स्वच्छ उमटलं होतं, पुढं काही न लागलेलं.

दुसरा हॉर्न झाला.

"काळ्या, चार वाजतील."

राग होता. पण सकाळपासून तो जसा याच्या-त्याच्या मागं धावत होता तसा आता धावत नव्हता. खाली बसला होता आणि बघत होता, आणि त्याची सोबत काळुरामला पहिल्यांदाच जड झाली नाही. लिहून देतो की. दिनांक अमुक. म्हात्रे उठला, दारापर्यंत गेला, ड्रायव्हरला हातानं थांब म्हणाला, परत आला आणि उभा राहिला. नव्या शर्टाला काखेत घाम आला होता. काळुरामनं बोट दुसऱ्या ओळीवर ठेवलं. तो सही करील की नाही हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं, आणि त्याला त्याची घाई नव्हती.

"थांब जरा, धन्या," तो वर न बघता म्हणाला. "वाचतोय."